लॉकडाउनमध्ये आयसीडीचे पाच शॉक : तासगाव तालुक्यातलं एक प्रकरण

रुग्ण ६१ वर्षांचे, तासगाव तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. घरात आणि गावात त्यांना सगळे तात्या म्हणतात, म्हणून इथंही तेच. ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय घटनाक्रम तसाच ठेवला आहे.

२०१४ साली तात्यांना मोठा हार्ट अटॅक आला. गॅस झालाय म्हणून अख्खी रात्र सोडा पिऊन काढली आणि सकाळी सांगलीला आले. अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला, पण हृदयाच्या पुढच्या भिंतीचा मोठा भाग तोवर मेला होता. अशा ठिकाणी कायमचा व्रण राहतो. इकोवर पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला कप्प्यातलं किती रक्त बाहेर फेकलं जातं ते, २८ टक्के. निरोगी माणसाचं साठच्या आसपास असतं. २०१७ मध्ये पुण्यात त्यांच्या डाव्या खांद्याखाली आयसीडी बसवला, म्हणजे हृदयाची जीवघेणी लय ओळखून गरज पडली तर आतूनच शॉक देणारं यंत्र. त्या वेळी निर्णय सोपा होता. अटॅकनंतर ज्यांचं पंपिंग ३० टक्के किंवा त्याहून कमी राहतं, त्यांच्यात आयसीडीमुळे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशानं कमी होतात हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीनं दाखवलंच होतं.

आपल्याकडं छातीत बसवलेल्या कुठल्याही मशीनला लोक पेसमेकरच म्हणतात. तात्याही म्हणायचे. पण पेसमेकर मंद हृदयाला चालवतो, आयसीडी बेफाम पळणाऱ्या हृदयाला थांबवतो. व्रणाच्या कडेला मेलेल्या आणि जिवंत पेशी एकमेकींत मिसळलेल्या असतात. तिथं विजेचा प्रवाह रेंगाळतो, गोल फिरू लागतो आणि खालच्या कप्प्याचे ठोके एकाएकी मिनिटाला १८०-२०० वर जातात. याला आम्ही व्हीटी म्हणतो. आयसीडी आधी शॉक देत नाही. तो हृदयाच्या त्या वेगापेक्षा थोड्या जास्त वेगानं आठ-दहा ठोके स्वतः देतो. उधळलेल्या बैलाच्या पुढं धावत जाऊन त्याला वळवावं, तसा हा प्रकार. पुष्कळदा एवढ्यानं भागतं आणि रुग्णाला पत्ताही लागत नाही. नाहीच वळला, तर मग ३५-४० ज्यूलचा शॉक. शुद्धीत असलेल्या माणसाला तो छातीत घोड्यानं लाथ घातल्यासारखा लागतो असं बहुतेक जण सांगतात. माणसात असं यंत्र पहिल्यांदा बसलं ४ फेब्रुवारी १९८० ला, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात. मिशेल मिरोव्स्की नावाच्या डॉक्टरांनी त्यासाठी दहा-बारा वर्षं टीका सोसली होती.

तात्यांच्या मशीनमध्ये १७१ च्या वर व्हीटीचा झोन आणि २१४ च्या वर थेट शॉकचा झोन होता. तीन वर्षांत एकही शॉक नाही. २०१९ मध्ये दोन-तीन वेळा मशीननं वर सांगितलेल्या पद्धतीनं ठोके वळवले होते, म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनी एमिओडॅरोन २०० रोज एक सुरू केली. त्याशिवाय हृदयाचे ठोके आवरणारी मेटोप्रोलॉल ५० सकाळ-संध्याकाळ, टॉर्सेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन एकत्र असलेली लघवीची गोळी, रक्त पातळ राहण्याची आणि कोलेस्टेरॉलची गोळी. दर तीन महिन्यांनी पुण्याला तपासणी आणि येताना तीन महिन्यांची औषधं. पुढची तारीख होती एप्रिल २०२० चा पहिला आठवडा.

वस्तीवर

२२ मार्चला जनता कर्फ्यू झाला. २३ तारखेला इस्लामपुरात परदेशातून आलेल्या एकाच कुटुंबातले चौघे पॉझिटिव्ह निघाले आणि महिना संपेपर्यंत त्यांच्या संपर्कातल्यांचा आकडा पंचविसाच्या आसपास गेला. त्या दिवसांत सांगली जिल्ह्यात जी भीती होती, ती आता सांगून खरी वाटणार नाही. गावोगावी वेशीवर बाभळीच्या फांद्या आणि बैलगाड्या आडव्या लावलेल्या. तात्यांच्या घरानं ठरवलं, गावात नकोच, मळ्यातल्या वस्तीवर जाऊ. बागेत माल होता, त्यामुळं जायला कारणही होतं.

२०२० चा द्राक्षाचा हंगाम ज्यांनी बघितला त्यांना पुढचं माहीत आहे. व्यापारी आले नाहीत, ट्रक अडकले, काढणीला आलेला माल वेलीवर. मग ज्याला जमेल त्यानं बेदाणा करायला घेतला. तात्यांचं स्वतःचं शेड होतं, पण शेडवरचे मजूर जत आणि कर्नाटकाकडचे. बंदी लागताच निम्मे निघून गेले. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवायचे, क्रेट उचलून रॅकवर पसरायचे, रोज हलवायचे. तीन वर्षं ज्यांना घरच्यांनी पाण्याची बादली उचलू दिली नव्हती, ते तात्या आता सकाळी सहापासून शेडमध्ये. उन्हाळ्यात त्या जाळीखाली काय गरम होतं, हे तिथं अर्धा तास उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

पुण्याची तारीख रद्द झाली. तसा फोन आला, व्यवस्थित आला, औषधं तीच चालू ठेवा असं सांगितलं. औषधं संपत आली होती हे कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

आता या घरात काय झालं ते नीट सांगतो, कारण या प्रकरणाचा सगळा जीव इथं आहे. मुलगा कृषी पदवीधर, सून बारावी झालेली, काकू, म्हणजे तात्यांची बायको, व्यवहाराला पक्क्या. अडाणीपणाचा इथं काही संबंध नाही. मेटोप्रोलॉलच्या दोन पट्ट्या उरल्या होत्या. घरात बीपीचं मशीन होतं, रोज बीपी बघायचे, ११०/७० यायचं. मेटोप्रोलॉल ही बीपीची गोळी असं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं, दुकानदारानंही कधीतरी तसंच सांगितलेलं. बीपी नॉर्मल आहे, तर दोनच्या जागी एक घेऊन पुरवू, असा हिशेब झाला. रक्त पातळ करायच्या गोळीला मात्र कुणी हात लावला नाही. ती हार्टची म्हणून. एमिओडॅरोन दुकानात नव्हती. ती संपली तशी थांबली.

लघवीची गोळी घ्यायला मुलगा तालुक्याला गेला. औषधांची दुकानं उघडी होती, पण माल भरायला गाडी आठ-दहा दिवस आली नव्हती. दुकानदार म्हणाला, प्लसवाली नाही, साधी आहे, काम तेच करते. काम तेच करते हे लघवीपुरतं खरं होतं. साध्या गोळीत नुसतं टॉर्सेमाइड असतं. ते पाण्याबरोबर पोटॅशियम बाहेर काढतं. दुसरा भाग, स्पायरोनोलॅक्टोन, पोटॅशियम धरून ठेवतो. तो गेला.

आणि काढा. ३१ मार्चला आयुष मंत्रालयानं प्रतिकारशक्तीसाठी जो काढा सुचवला त्यात तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका होते. या घरात त्यात जेष्ठमधाची भर पडली, घशाला बरा म्हणून. दिवसातून तीनदा, भांडंभर. सगळं घर प्यायचं. बाकीच्यांना काही झालं नाही, होणारही नव्हतं.

पहिला शॉक, आणि दोन दिवसांची गप्प बसणी

१७ एप्रिलला दुपारी क्रेट ठेवताना तात्यांना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि लगेच छातीत दणका बसला. क्रेट हातातून सुटला. शेजारी असलेल्या मजुराला वाटलं बोर्डाच्या वायरीला हात लागला. तात्या पाच मिनिटं बसले, पाणी प्यायले आणि त्याला म्हणाले, घरात बोलू नको.

का, हे त्यांनी नंतर मला सांगितलं. दवाखान्यात गेलं की स्वॅब घेतात, मग सगळ्या घराला क्वारंटाइनचा शिक्का, शेडमध्ये चार टन माल पडलेला. शिवाय मिरजेचं सिव्हिल कोरोनासाठी राखीव झाल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. तिथं जायचं म्हणजे कोरोना घेऊन यायचा, असं त्या वेळी चांगले शिकलेले लोकही बोलत होते.

रविवारी, १९ तारखेला, रात्री सव्वादहाला जेवून खाटेवर पडले असताना दुसरा शॉक. पाऊण तासात आणखी दोन. तिसऱ्या वेळी ते ओरडले. काकू खाटेपासून दोन पावलं लांब उभ्या. हात लावला तर आपल्यालाही करंट बसेल आणि मग बघायला कोणी राहणार नाही, असं त्यांना वाटलं. ही भीती मी अनेक घरांत बघितली आहे. शॉक बसताना रुग्णाला धरलं तर फार तर हाताला झिणझिणी येते, इजा होत नाही. धरावं, बोलत राहावं.

गाडी काढून निघाले. वाटेत दोन नाके. मुलाजवळ ई-पास नव्हता, पण तात्यांच्या पाकिटात आयसीडीचं कार्ड होतं, मशीनचा प्रकार आणि बसवल्याची तारीख लिहिलेलं. पहिल्या नाक्यावरच्या हवालदारानं ते टॉर्चच्या उजेडात वाचलं आणि पुढच्या नाक्याला फोन करून ठेवला. त्यामुळं साडेबाराच्या सुमारास ते आमच्याकडं, सांगलीत पोचले.

आयसीयूत

ताप नव्हता, खोकला नव्हता, ऑक्सिजन ९७. नाडी ९४, बीपी १००/६०, घाम फुटलेला. ईसीजीवर जुन्या अटॅकच्या खुणा, नवीन काही नाही, पण टी लाटेच्या मागं बुटकी यू लाट दिसत होती, पोटॅशियम कमी असल्याची खूण. मग मी मुलाला पहिला प्रश्न विचारला तो लघवीच्या गोळीचा.

चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा व्हीटी आली, तर त्याला इलेक्ट्रिकल स्टॉर्म म्हणतात. तात्यांना तीन झाल्याच होत्या, चौथी आमच्या डोळ्यांपुढं झाली. मॉनिटरवर ठोके ९४ वरून सरळ १८४. रेघ रुंद आणि एकसारखी. मशीननं त्यात आपले ठोके घुसवलेले दिसले, व्हीटी थांबली नाही. पुन्हा घुसवले, तरी नाही. तात्यांना आतून कळत होतं. ते खाटेची दांडी धरून "आला, आला" म्हणायला लागले आणि दोन सेकंदांत शरीर खाटेवरून उचललं गेलं. रेघ सरळ झाली, ठोके ८८. वेळ रात्री २ वाजून ४० मिनिटं. मशीननं शंभर टक्के बरोबर काम केलं होतं.

ही गोष्ट मला तिथल्या तिथं हवी होती, कारण आयसीडीचा शॉक दर वेळी बरोबरच असतो असं नाही. वायरीला चीर गेली, वरच्या कप्प्याची लय बिघडून ठोके वाढले, नुसत्या तापानं नाडी फार वर गेली, तरी मशीन फसू शकतं. तसं असेल तर मशीनवर लोहचुंबक धरून शॉक तात्पुरते बंद ठेवता येतात. चुंबक आम्ही उशाशी ठेवलं होतंच. मॉनिटरवर व्हीटी बघितल्यावर ते बाजूला ठेवलं. खऱ्या व्हीटीत चुंबक धरणं म्हणजे पहारेकऱ्याला बांधून ठेवणं.

रक्ताचा रिपोर्ट आला. पोटॅशियम २.७. अशा रुग्णात ते चारच्या खाली जाऊ द्यायचं नसतं. मॅग्नेशियम १.४. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं ट्रोपोनिन थोडं वाढलेलं, पण वारंवार व्हीटी आणि शॉक यांनीही ते वाढतं. इको आधीसारखाच होता, त्यामुळं नवीन अटॅकची शंका मागं पडली.

उपचारात नवल काही नाही. झोप येईल इतपत मिडाझोलाम, कारण प्रत्येक शॉकनंतर भीतीनं अंगात ॲड्रेनलिन वाढतं आणि ॲड्रेनलिन पुढची व्हीटी घेऊन येतं. हे चक्र तोडणं हाच निम्मा उपचार. मॅग्नेशियम दोन ग्रॅम शिरेतून. पोटॅशियम मोठ्या शिरेतून, मॉनिटर बघत, सावकाश. एमिओडॅरोन १५० मिलिग्रॅम आणि नंतर ड्रिप. मेटोप्रोलॉलऐवजी प्रोप्रॅनोलॉल ४० दर सहा तासांनी. २०१८ मध्ये ग्रीसमधल्या डॉक्टरांनी साठ आयसीडी रुग्णांवर या दोन औषधांची तुलना केली होती. एमिओडॅरोनच्या जोडीला प्रोप्रॅनोलॉल दिलं तेव्हा स्टॉर्म लवकर आटोक्यात आला. मायग्रेनला आणि हात थरथरण्याला वापरतात ती ही जुनी, स्वस्त गोळी. लॉकडाउनमध्येही तिचा तुटवडा नव्हता.

पुण्यातल्या तज्ज्ञांशी रात्री तीनला बोललो, ईसीजीचे फोटो व्हॉट्सॲपवर गेले. केंद्रानं २५ मार्चला टेलिमेडिसिनचे नियम काढले होते, त्यामुळं हे आता कागदावरही रीतसर होतं. पूर्वीही असंच चालायचं, फक्त नियमात नव्हतं.

आणखी एक प्रश्न विचारणं भाग होतं. मार्चमध्ये आयसीएमआरनं आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि रुग्णाच्या घरच्यांना प्रतिबंधक म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुचवल्यावर ती गोळी लोकांनी परस्पर घेऊन ठेवली होती. एमिओडॅरोनबरोबर ती घेतली आणि पोटॅशियमही कमी असेल, तर ठोक्यांमधला विजेचा विसावा लांबतो आणि वेगळ्याच, जास्त वाईट जातीची व्हीटी होऊ शकते. तात्यांच्या घरी पट्टी होती. सुदैवानं दहाच्या दहा गोळ्या शाबूत होत्या. "कुणाला लागली तर" म्हणून ठेवली होती.

पहाटेपर्यंत व्हीटी आणखी दोनदा आली, दोन्ही वेळा मशीननं शॉक न देता वळवली. सकाळी साडेआठला पोटॅशियम ३.९ झालं. त्यानंतर एकही नाही. स्वॅब मिरजेला पाठवला होता, तो निगेटिव्ह आला.

मशीननं काय टिपून ठेवलं होतं

आयसीडीतली माहिती वाचायला त्या-त्या कंपनीचा प्रोग्रामर लागतो. तो कंपनीच्या टेक्निशियनकडं असतो आणि टेक्निशियन कोल्हापुरात होता. पास, रुग्णालयाचं पत्र आणि अंकलीच्या पुलावरची चौकशी हे सगळं पार करून तो २० तारखेला दुपारी पोचला. प्रोग्रामरचा वाडग्यासारखा भाग छातीवर ठेवला आणि पडद्यावर महिना उलगडला.

बॅटरी ठीक, वायर ठीक. १२ ते २० एप्रिल या काळात व्हीटीचे चौदा झटके. पाच शॉकनं थांबले, नऊ नुसत्या ठोक्यांनी. पहिला १२ तारखेच्या रात्रीचा, म्हणजे पहिल्या शॉकच्या पाच दिवस आधीचा. तात्या तेव्हा झोपेत होते.

खरी गंमत पुढच्या पानावर होती. बहुतेक आयसीडी रोजची सरासरी नाडी, दिवसाची आणि रात्रीची वेगळी, साठवून ठेवतात. तात्यांची रात्रीची नाडी महिनोन्महिने ५६ ते ५८ मध्ये स्थिर होती. ४ एप्रिलच्या पुढं ती चढायला लागली, आठवड्याभरात ७० च्या वर. मी मुलाला विचारलं, गोळी एकवर कधी आणली? त्यानं मोबाइलमध्ये दुकानाच्या बिलाचा फोटो शोधला, तारीख जुळवली आणि म्हणाला, तीन किंवा चार तारखेपासून. मेटोप्रोलॉलचा असर एक-दोन दिवसांत उतरतो. एमिओडॅरोनचं उलट, ती चरबीत साठून राहते आणि बंद केल्यावरही कित्येक आठवडे रक्तात राहते. म्हणून मी तिच्यावर फारसा आळ घेत नाही, जरी घरच्यांना "मोठी गोळी" तीच वाटत होती.

त्याखालची पट्टी हालचालींची. यंत्रात हालचाल टिपणारा सेन्सर असतो, रोज किती तास माणूस हलता राहिला ते तो मोजतो. फेब्रुवारीत तात्या दिवसाला दोन-अडीच तासांवर होते. २५ मार्चनंतर पाच, एप्रिलमध्ये सहाच्या वर. टेक्निशियन म्हणाला, महिनाभर ज्यांची मशीन बघतोय त्या सगळ्यांच्या पट्ट्या खाली गेल्यात, ही एकच वर गेलेली.

त्याचं म्हणणं जगाच्या अनुभवाशी जुळणारं होतं. लॉकडाउनमध्ये आयसीडीच्या रुग्णांची हालचाल कमी झाल्याचं इटलीतल्या डॉक्टरांनी याच सेन्सरवरून दाखवलं. अमेरिकेत सुमारे सहा हजार रुग्णांच्या मशीनमधली माहिती तपासली, तेव्हा लॉकडाउनच्या काळात मशीनला उपचार करावे लागतील अशा व्हीटी जवळजवळ एक तृतीयांशानं कमी झाल्याचं दिसलं. कारण म्हणून ऑफिसची धावपळ नाही, प्रवास नाही, घरात शांत बसणं असा अंदाज केला गेला. मला तो पटतो. पण घरात बसणं ही ज्याला परवडली त्याची गोष्ट. ज्याचा माल वेलीवर आहे आणि मजूर गावी गेलेत, त्याचा लॉकडाउन हा आयुष्यातला सर्वांत कष्टाचा महिना असू शकतो. शिवाय त्या अभ्यासांतले रुग्ण घरच्या घरी मशीनची माहिती पाठवणारे, म्हणजे औषधपाण्याची घडी बसलेले. दुसऱ्या बाजूला इटलीच्याच लोम्बार्डीत साथीच्या पहिल्या चाळीस दिवसांत रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडण्याच्या घटना २०१९ च्या तेवढ्याच काळापेक्षा ५८ टक्क्यांनी वाढल्या होत्या. त्यात कोरोनाचे रुग्ण मोठ्या संख्येनं होते, पण सगळे नव्हते. दोन्ही आकडे खरे आहेत. माणूस कुठं उभा आहे त्यावर त्याचा आकडा ठरतो.

घरी माहिती पाठवायचा डबा तात्यांनाही पुण्यात दिलेला होता. खाटेशेजारी लावून ठेवायचा, रात्री तो मशीनशी आपोआप बोलतो आणि मोबाइल नेटवर्कवरून माहिती रुग्णालयात जाते. डबा गावातल्या घरात, तात्यांच्या पलंगाशेजारी, प्लगमध्ये लावलेलाच होता. दिवा हिरवा. तात्या तेवढे चार किलोमीटरवर, वस्तीवर. १२ तारखेची व्हीटी पुण्याला कळायला एवढंच आड आलं.

पोटॅशियम गेलं कुठं

नुसत्या टॉर्सेमाइडनं पोटॅशियम घटतं, घाम आणि उष्णतेनंही थोडं जातं. पण दोन आठवड्यांत २.७ हे मला जास्त वाटत होतं. काढ्यात काय-काय घालता, असं काकूंना फोनवर विचारलं. त्यांनी यादी सांगितली, जेष्ठमध शेवटी आला.

जेष्ठमधात ग्लायसिरायझिन असतं. मूत्रपिंडात कॉर्टिसॉलला निकामी करणारं एक एन्झाइम असतं, ग्लायसिरायझिन त्यालाच अडवतं. मग कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनच्या जागेवर जाऊन बसतं आणि मूत्रपिंड मीठ धरून पोटॅशियम सोडत राहतं. स्पायरोनोलॅक्टोन नेमकी तीच जागा अडवून ठेवतं. म्हणजे ज्या पंधरवड्यात तात्यांच्या पोटात रोज जेष्ठमध जात होता, त्याच पंधरवड्यात त्यावरचा उतारा त्यांच्या गोळीतून निघून गेला होता. काढ्याचा वाटा किती आणि गोळीचा किती, हे वेगळं काढता येत नाही. मी काढा बंद केला, स्पायरोनोलॅक्टोनवाली गोळी पुन्हा चालू केली आणि पुढं गेलो.

घरच्यांना हे ऐकून वाईट वाटण्यापेक्षा रागच आला. सून म्हणाली, "बेदाण्यात पोटॅशियम भरपूर असतं म्हणता ना, ते तर रोज मूठभर खात होते." खात होते, पण मूठभर बेदाण्यातून येणारं पोटॅशियम अशा गळतीला पुरत नाही. आणि शेडमधल्या द्रावणातलं पोटॅशियम माणसासाठी नसतं, हेही मजुरांपैकी एकानं विचारल्यावर सांगावं लागलं.

घरी गेल्यावर

सहाव्या दिवशी सोडलं. पोटॅशियम ४.४. मशीनमध्ये बदल केले: शॉकच्या आधी ठोक्यांनी वळवायचे प्रयत्न वाढवले आणि व्हीटीचा झोन १६० पर्यंत खाली आणला, कारण एमिओडॅरोन पुन्हा भरात आली की व्हीटीचा वेग उतरतो आणि मशीनच्या नजरेतून निसटू शकतो. प्रोप्रॅनोलॉल काही दिवसांत थांबवून मेटोप्रोलॉल पूर्ण डोसवर आणलं. गोळ्यांची यादी मुलानं पुठ्ठ्यावर मराठीत लिहिली. प्रत्येकीपुढं ती कशासाठी आणि चुकली तर काय, एवढंच. मेटोप्रोलॉलपुढं त्यानं स्वतःच लिहिलं: बीपी कितीही असो, विचारल्याशिवाय कमी नाही.

शॉकचा नियमही त्याच पुठ्ठ्यावर आहे. एक शॉक बसला आणि नंतर बरं वाटतंय, तर त्याच दिवशी फोन. दिवसात दोन बसले, किंवा एकच बसला पण चक्कर, छातीत दुखणं, दम आहे, तर फोन करत बसायचं नाही, निघायचं. डबा जिथं तात्या झोपतील तिथं. जुलैपासून ते गावातच झोपायला लागले, तेव्हा डबा पुन्हा पलंगाशेजारी गेला.

शरीर सावरलं, झोप सावरली नाही. मे महिन्यात दोनदा रात्री फोन आला, शॉक बसला म्हणून. दोन्ही वेळा डब्यातून माहिती मागवली, मशीननं काही दिलेलं नव्हतं. ज्यांना लागोपाठ शॉक बसलेत त्यांच्यात हे नेहमी दिसतं. झोपेत तोच दणका खरा होऊन बसतो. तात्यांना वाटलं आम्ही समजूत काढतोय. मग त्या रात्रीच्या नोंदीची प्रिंट काढून पाठवली, नाडी ५८, सरळ. ती त्यांनी चष्मा लावून बघितली आणि मुलाला विचारलं, हे त्याच रात्रीचं कशावरून? तारीख दाखवल्यावर गप्प झाले. शेडमध्ये मात्र क्रेटला हात लावायला ते तयार नव्हते, आणि तेवढ्यापुरती ही भीती मला सोयीचीच होती. सौम्य चिंतानाशक गोळी महिनाभर दिली, पुण्यातल्या एका मानसोपचारतज्ज्ञांशी व्हिडिओवर तीन-चार वेळा बोलणं झालं.

व्रणाच्या कडेचा तो प्रवाह जाळून तोडणं, म्हणजे ॲब्लेशन, हा पुढचा उपाय आम्ही एप्रिलमध्येच सुचवला होता. तातडीच्या नसलेल्या प्रक्रिया तेव्हा पुण्यात बंद होत्या. ते २०२१ च्या जानेवारीत झालं, आगाप छाटणीच्या बागेचा माल हातात यायच्या आधी, तात्यांच्याच आग्रहानं. त्यानंतर मशीनला शॉक द्यावा लागलेला नाही. एमिओडॅरोन निम्म्यावर आणली आहे आणि तिच्यासाठी थायरॉइड व लिव्हरची तपासणी दर सहा महिन्यांनी होते. मध्यंतरी टीएसएच वाढलेलं निघालं, म्हणजे थायरॉइड मंदावलेली, त्यावर गोळी सुरू केली. तीही पुठ्ठ्यावर चढली आहे.